नेपरव्हिलमधलं इग्बो बारसं

मी लायब्ररीत नोकरी करते असं कळलं की आमच्या मराठी मंडळातल्या बायका हेव्याने म्हणायच्या, तुझं बरं आहे बाई, दिवसभर पुस्तकं वाचायला मिळतात. मी नुसती हसायचे. शिकागोच्या पश्चिमेला, नेपरव्हिलजवळच्या एका सार्वजनिक लायब्ररीत मी निवृत्त होईपर्यंत काम केलं, आणि त्या सगळ्या वर्षांत कामाच्या वेळेत एकही पुस्तक वाचून संपवल्याचं मला आठवत नाही. मिठाईच्या दुकानात काम करणारा माणूस गल्ल्यावर उभा राहून पेढे खात नाही, तसंच ते.

माझी जागा रेफरन्स डेस्कवर होती. म्हणजे कुणीही यावं, काहीही विचारावं आणि मी उत्तर शोधून द्यावं. बर्फ पडल्यावर फुटपाथ कुणी साफ करायचा, घरमालकाने की गावाने? मुलाला गोवर झाला होता की कांजिण्या, ते आता कसं कळणार? एक सद्गृहस्थ दर शनिवारी यायचे. त्यांना ज्यात कुत्रं मरत नाही अशाच कादंबऱ्या हव्या असायच्या. असं पुस्तक शोधणं वाटतं तितकं सोपं नाही. लेखक लोकांना कुत्रं मारण्याची फार हौस असते. सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेल्या कोल्हापूरच्या एक मावशी होत्या. आमच्याकडे मराठी पुस्तकांचं एक छोटंसं कपाट होतं, ते त्यांनी थंडी संपायच्या आत वाचून काढलं. त्या परत गेल्यावर आमच्या लक्षात आलं की त्यांनी प्रत्येक पुस्तकात पेन्सिलीने शुद्धलेखन सुधारून ठेवलं होतं. नियमाप्रमाणे ते खोडून काढायला हवं होतं. मी काढलं नाही, कारण मावशींचं बरोबर होतं.

पण आज सांगायचं आहे ते माझ्या बुक ग्रुपबद्दल, आणि त्यातल्या एका नवरा-बायकोबद्दल.

बुक ग्रुप म्हणजे काय ते आधी सांगते. महिन्यातून एकदा संध्याकाळी लायब्ररीतल्या एका खोलीत पंधरा-वीस माणसं जमतात. सगळी एकच पुस्तक वाचून आलेली असतात, किंवा वाचल्याचं नाटक करायची तयारी करून आलेली असतात. चर्चा चालवणारी मी. पुस्तक निवडायचं, आजूबाजूच्या गावांच्या लायब्ररीतून त्याच्या पुरेशा प्रती मागवायच्या, कॉफी ठेवायची, खुर्च्या मांडायच्या आणि मग शक्य तितकं गप्प बसायचं. हे शेवटचं काम सगळ्यात अवघड. आमचा नियम एकच होता: पात्रांबद्दल हवं ते बोला, शेजारी बसलेल्याबद्दल बोलू नका.

मराठी माणसं या ग्रुपला फारशी यायची नाहीत, ही माझी कायमची खंत. मुलांच्या प्रोजेक्टसाठी यायची, प्रिंटरसाठी यायची. नेमाने येणारे एकच, साळवेकाका. मूळचे नगरचे, मराठी ख्रिस्ती, आयुष्यभर पुलांची गणितं करून निवृत्त झालेले. ते पुस्तक खरोखर वाचून यायचे. दुसरी खंदी सभासद म्हणजे डोना, निवृत्त शिक्षिका. ती घरून कुकीज करून आणायची, आणि तिला कोणतंही पुस्तक आवडायचं.

दोन-तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मी एक नायजेरियन कादंबरी निवडली. नायजेरियाच्या आग्नेय भागात इग्बो नावाचे लोक राहतात. गावात मिशनरी येतो, चर्च आणि शाळा बांधतो, घरातलं एखादं मूल तिकडे जातं आणि घर दुभंगतं, अशा गोष्टी त्यांच्या लेखकांनी पुष्कळ लिहिल्या आहेत. ही त्यांतलीच, आईची आणि मुलीची. आई कुंभारीण. नदीच्या देवीच्या ठाण्यासाठी मडकी घडवायचा मान तिच्या घराण्याकडे. एकुलती एक मुलगी मिशनच्या शाळेत जाते, ख्रिस्ती होते, चर्चमध्ये धर्मशिक्षण देणाऱ्या तरुणाशी लग्न करते. पुढे एका सणाच्या दिवशी ती नवऱ्याच्या सांगण्यावरून देवीच्या ठाण्यातली मडकी स्वतःच्या हाताने फोडते. आई त्यानंतर तिच्याशी बोलत नाही. शेवटी आई मरते. मुलगी तिच्या अंगाला शेवटची आंघोळ घालायला जाते, तेव्हा गावातल्या बायका तिला आत येऊ देत नाहीत, आणि हे पाखंड्यांचे विधी आहेत म्हणून चर्चही तिला परवानगी देत नाही. मुलगी पाण्याचा घडा घेऊन दोघांच्या मध्ये उभी. तिथे पुस्तक संपतं.

पुस्तक मोठं होतं म्हणून मी दोन बैठका ठेवल्या. पहिल्या बैठकीला दोन नवे चेहरे आले. एक उंच, ताठ बाई, डोक्याला निळं रेशमी फडकं बांधलेली. तिने नाव सांगितलं चिनेलो, निवृत्त नर्स, चर्चच्या गायकवृंदाची प्रमुख. ती टेबलाच्या एका टोकाला बसली. थोड्या वेळाने एक बुटके, गोल चेहऱ्याचे गृहस्थ आले आणि दुसऱ्या टोकाला बसले. नाव ओबिन्ना, निवृत्त सिव्हिल इंजिनियर. दोघंही इग्बो. वयाने माझ्याहून मोठी, पण अमेरिकेत सगळेच एकमेकांना नावाने हाक मारतात, म्हणून इथेही मी एकेरीच लिहिते.

मला अगदी हर्ष झाला. ज्या लोकांची गोष्ट आहे त्यांच्यातलेच दोघं हजर. माझा हर्ष दहा मिनिटं टिकला.

चिनेलो म्हणाली की लेखकाने चर्चवर अन्याय केला आहे. मिशन येण्याआधी त्या गावात जुळी मुलं झाली की जंगलात टाकून देत, ते पुस्तकात एका ओळीत उरकलंय. मुलगी लिहायला-वाचायला शिकली ती कुणामुळे? आणि फुटलं काय, तर शेवटी मडकीच.

"ती मडकी नव्हती," दुसऱ्या टोकावरून ओबिन्ना म्हणाला. "तिच्या आईचं सगळं आयुष्य होतं त्यात."

मग जे सुरू झालं ते मला थांबवता आलं नाही. तो म्हणाला, मिशनऱ्यांनी आम्हाला आमच्याच बापांची लाज वाटायला शिकवलं. ती म्हणाली, आज तुम्ही इथे बसून हे इंग्रजीत सांगताय, ते इंग्रजी कुठून आलं? तो म्हणाला, शाळेची किंमत म्हणून देव द्यावा लागत असेल तर तो सौदा वाईट. ती म्हणाली, ज्याची लेकरं पोलिओने मेली नाहीत त्याला असं बोलणं परवडतं. बाकीची मंडळी टेनिसची मॅच बघावी तशी माना फिरवत होती. मी दोनदा "आपण पान अमुक उघडूया का" असं म्हणून पाहिलं. कुणी उघडलं नाही.

वेळ संपली. सगळे अवघडून कोट चढवायला लागले. चिनेलोने पर्स बंद केली, हातमोजे घातले आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडे बघून अगदी साध्या आवाजात म्हणाली, "गाडी दाराशी आणतोस ना? माझे बूट बर्फावर घसरतात."

ओबिन्ना म्हणाला, "आणतो. मफलर नीट गुंडाळ."

डोनाच्या हातातली कुकी खाली पडली. साळवेकाका माझ्याजवळ येऊन हळूच मराठीत म्हणाले, "वसुधाताई, हे तर कपल आहे."

दुसऱ्या दिवशी आमच्या डायरेक्टरने मला बोलावलं. कुणीतरी तिच्या कानावर घातलं होतं की बुक ग्रुपमध्ये धर्मावरून भांडण झालं. बाई चांगली होती. तिचं म्हणणं असं की आपण लोकांच्या करावर चालतो, कुणाच्याही देवाची बाजू आपल्याला घेता येत नाही; दुसरी बैठक कॅन्सल केली आणि एखादी रहस्यकथा घेतली तर? मी म्हटलं, एक संधी द्या. ती म्हणाली, "तुझ्यावर सोडते." वरिष्ठ माणूस हे वाक्य कधी बोलतो ते ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना ठाऊक आहे.

त्याच आठवड्यात चिनेलो डेस्कवर आली. तीही कॅन्सल करा असंच सांगायला आली होती. तेव्हा तिच्याकडून मला खरी गोष्ट कळली. त्यांची मुलगी अडा सिएटलजवळ बॉथेलला असते, तिला नुकताच मुलगा झाला होता. पहिलं नातवंड. बारसं नेपरव्हिलला आजोळी करायचं ठरलं होतं. ओबिन्नाचा हट्ट असा की ते रीतीप्रमाणे व्हायला हवं: कोलाची बी फोडायची, पेल्यातून जमिनीवर जिनची धार सोडायची आणि वाडवडिलांना नावाने हाक मारून सांगायचं की तुमचा नातू आलाय. कोलाची बी मोठ्या सुपारीएवढी, चवीला कडू. पाहुण्याला पानसुपारी द्यावी तशी ती फोडून देतात. आणि ती धार सोडणं म्हणजे आपलं तर्पणच. चर्चच्या पास्टरने मात्र नम्रपणे कळवलं होतं की मेलेल्यांना हाक मारली जाणार असेल तर मी येऊ शकत नाही. पास्टर येणार नसेल तर बारसं नाही, असं चिनेलोचं. धार सोडायची नसेल तर मी माझ्याच घरात नसेन, असं ओबिन्नाचं. दोघंही अडाला वेगवेगळा फोन करून आपली बाजू सांगत होती.

"अडाने काल सांगितलं," चिनेलो म्हणाली, "तुमचं दोघांचं एकमत होईपर्यंत मी तिकीट काढत नाही. आम्ही इथेच केक कापू आणि नाव ठेवू."

हे सांगताना ती समोरच्या स्टेपलरशी खेळत होती. मी तिला म्हटलं की बैठक ठेवते, तुम्हाला यावंसं वाटलं तर या. दुसरं काय म्हणणार? रेफरन्स डेस्कवर सल्ला द्यायची आम्हाला मनाई असते. फक्त माहिती द्यायची.

दोन दिवसांनी ओबिन्ना आला. त्याचा प्रश्न अगदी नेमका होता. धार सोडताना म्हणायचे शब्द ज्यात पूर्ण दिले आहेत असं पुस्तक त्याला हवं होतं. "वडील रोज सकाळी म्हणायचे," तो म्हणाला. "पण मी लहानपणीच मिशनच्या बोर्डिंगमध्ये गेलो. सुट्टीत यायचो तेव्हा झोपलेला असायचो. मला अर्धंच येतं."

आदल्या आठवड्यात टेबलावर मुठी आपटून जुन्या धर्माची बाजू मांडणारा हा माणूस, आणि त्याला त्या धर्माची प्रार्थना अर्धीच येत होती. मला हसू आलं नाही. माझ्या सासूबाई कुळाचाराला बोडण भरताना काहीतरी पुटपुटायच्या. मी शेजारी बसून पुरणाच्या आरत्या करायचे, पण काय म्हणता ते कधी विचारलं नाही. त्या गेल्या, आणि आता ते कुणालाच माहीत नाही.

मी त्याच्यासाठी जंग जंग पछाडलं. विद्यापीठांच्या लायब्ररीतून ग्रंथ मागवले. जुन्या संशोधकांनी नोंदवलेल्या प्रार्थना मिळाल्याही. ओबिन्ना प्रत्येक पुस्तक घरी न्यायचा आणि पडलेल्या चेहऱ्याने परत आणायचा. दर गावाचे शब्द निराळे, प्रत्येक घराचे आणखी निराळे. "हे कुणाच्या तरी वडिलांचे आहेत," तो म्हणायचा. "माझ्या नाहीत." माझ्या नोकरीत मला उत्तर न सापडलेले जे काही थोडे प्रश्न, त्यांत हा एक.

दुसऱ्या बैठकीच्या दिवशी दुपारपासून बर्फ पडत होता. मला वाटलं, कुणी येणार नाही आणि सुटका होईल. पण झाडून सगळे आले. भांडणाची बातमी पसरली होती, आणि उपनगरात हिवाळ्यात करमणुकीची साधनं कमीच असतात. चिनेलो आणि ओबिन्ना एकाच गाडीतून आले आणि पुन्हा टेबलाच्या दोन टोकांना बसले.

मी शेवटच्या प्रसंगापासून सुरुवात केली. घडा घेऊन उभी असलेली ती मुलगी. तिने काय करावं? मग साळवेकाकांनी घसा साफ केला.

ते म्हणाले, ही बाई माझ्या ओळखीची आहे. माझी आजी. तिच्या नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा ती अगदी तरुण होती. त्याच्यामागे तीही गेली. काही वर्षांनी गावाकडे तिची आई वारली. ती धावत गेली, तर भाऊबंदांनी तिला अंगणाच्या पुढे येऊ दिलं नाही. इकडे मिशनच्या साहेबाने बजावलं होतं की तिथल्या कुठल्याही विधीला हात लावायचा नाही. "मग ती बाहेर कडुनिंबाखाली बसली," साळवेकाका म्हणाले, "आणि आईने जात्यावर शिकवलेल्या ओव्या म्हणायला लागली. तिला दुसरं येत काय होतं? पुढे तिने येशूवर ओव्या रचल्या, पण चाल आईचीच ठेवली. आमच्या घरी ख्रिसमसला अजून त्या म्हणतात. मला कुणी विचारलं की त्या ओव्या कुठल्या धर्माच्या, तर मला सांगता येणार नाही."

डोनाने डोळे पुसले. मी ओबिन्नाकडे पाहिलं. तो टेबलाकडे बघत होता.

"त्या मुलीने निदान आईची प्रार्थना म्हणायला हवी होती," तो म्हणाला. "उंबऱ्याबाहेरून का होईना." आणि कुणी न सांगता त्याने डोळे मिटले आणि इग्बोत बोलायला लागला. आवाज एकदम बदलला, खाली उतरला. आम्हाला शब्द कळत नव्हते, पण कुणाला तरी नावाने हाक मारणं चाललंय एवढं समजत होतं. चार-पाच वाक्यं झाली आणि तो थांबला. परत पहिल्यापासून सुरुवात केली, आणि पुन्हा तिथेच अडला. डोळे उघडून ओशाळं हसला. "पुढे पाण्याबद्दल काहीतरी आहे," तो म्हणाला. "मला नाही आठवत."

तेवढ्यात टेबलाच्या दुसऱ्या टोकावरून इग्बो शब्द आले. चिनेलो पुस्तकावरची नजर न उचलता बोलत होती. एक वाक्य बोलून ती थांबली. ओबिन्नाने ते म्हटलं. तिने पुढचं सांगितलं, त्याने तेही म्हटलं. पाढे म्हणून घ्यावेत तसं ते शेवटपर्यंत चाललं. कुणी कॉफीच्या कपालाही हात लावला नाही.

"तुला कसं येतं?" ओबिन्नाने विचारलं.

ती म्हणाली, "तू इथे शिकायला आलास तेव्हा मी कुणाच्या घरी राहत होते?"

मग तिने आम्हा सगळ्यांना सांगितलं. लग्नानंतर लगेच ओबिन्ना शिकायला अमेरिकेत आला. तिला इकडे यायला बराच काळ लागला. तोपर्यंत ती खेड्यात सासऱ्यांकडे राहिली. दिवसा मिशनच्या दवाखान्यात काम करायची. सासरे घराण्याच्या ठाण्याचे पुजारी, ती ख्रिस्ती सून, घरात दोघंच. ती पहाटे उठून बायबल वाचायची. सासरे बाहेर बसून तिची प्रार्थना संपायची वाट बघायचे, आणि मग त्यांची सुरू करायचे. घर लहान होतं, दोन्ही एकदम केल्या असत्या तर देवांचा गोंधळ उडाला असता, असं ते म्हणायचे. मग ती त्यांना पाणी आणून द्यायची आणि ते कोला फोडायचे. रोज.

"तू मला कधी सांगितलं नाहीस," ओबिन्ना म्हणाला.

"तू कधी विचारलं नाहीस. जेवणाच्या टेबलावर पुस्तकांचे ढीग लावलेस, लायब्ररीत चकरा मारल्यास."

आणि मग ती हसायला लागली. आधी ती, मग तो, मग साळवेकाका, आणि शेवटी सगळी खोली. हसता हसता ओबिन्ना उठला, आपली खुर्ची ओढत टेबलाला वळसा घालून आला आणि तिच्या शेजारी बसला. त्या दिवशी पुस्तकावर आणखी काहीच चर्चा झाली नाही. डायरेक्टरने सकाळी विचारलं, कसं झालं? मी म्हटलं, उपस्थिती उत्तम होती.

मार्चच्या शेवटी आम्हाला बारशाचं आमंत्रण आलं: मला, आमच्या ह्यांना, साळवेकाकांना आणि डोनाला. तोवर घरात तह झाला होता. जिनऐवजी पाण्याची धार सोडायची, तीही घराबाहेर, ड्राइव्हवेवर. पास्टर ते आटोपल्यावर येणार. त्याला तशी वेळ दिली होती. आणि बायकांनी कोलाची प्रार्थना म्हणायची रीत नाही, म्हणून म्हणायचं ओबिन्नानेच. चिनेलो मागे उभी राहून आठवण करून देणार. फोनवर ती मला म्हणाली की रोज स्वयंपाकघरात तालीम चालू आहे, आणि नवरा गायकवृंदातल्या सगळ्यात मठ्ठ मुलापेक्षाही मठ्ठ आहे.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन पडलं होतं. ड्राइव्हवेच्या कडेला काळवंडलेल्या बर्फाचे ढीग वितळत होते. रंगीत झग्यांवर जाड कोट चढवलेली इग्बो मंडळी अर्धवर्तुळात उभी होती. नवऱ्याबरोबर अडा बाळाला शालीत गुंडाळून घेऊन आली, डोळ्यांखाली काळी वर्तुळं आणि चेहराभर हसू. प्रार्थना इग्बोतच व्हायला हवी, कोलाला इंग्रजी चालत नाही, असं तिने आम्हाला सांगितलं, आणि आमच्यासाठी ती हळू आवाजात भाषांतर करत राहिली. ओबिन्नाने लाल टोपी घातली होती. त्याने सुरुवात करायला आणि रस्त्यावर एक गाडी थांबायला एकच गाठ पडली. तिच्यातून हातात झाकलेलं भांडं घेऊन पास्टर उतरला. त्याला नेहमी उशीर होतो म्हणून त्याच्या बायकोने त्याला मुद्दाम अलीकडची वेळ सांगितली होती, आणि त्या दिवशी नेमका तो वेळेवर निघाला.

तरुण माणूस होता. इग्बो घरातला, पण ह्यूस्टनमध्ये वाढलेला. काय चाललंय ते त्याला दिसलं. तो परत गाडीत बसू शकला असता. तो तिथेच, गाडीपाशी, चिखलात उभा राहिला.

ओबिन्नानेही त्याला पाहिलं होतं. क्षणभर थांबून त्याने परत सुरुवात केली. आजोबा, पणजोबा, एकेक नाव घेत तो पाण्याची धार सोडत होता आणि ते पाणी बर्फाच्या पाण्यात मिसळून उतारावरून वाहत होतं. एकदाच अडखळला. मागून चिनेलोने एक शब्द सांगितला, आणि तो पुढे म्हणायला लागला. प्रार्थना संपली. त्याने सुटकेचा श्वास सोडला, पेला खाली ठेवला आणि कोलाचे तुकडे वाटायला घेतले.

"थांब," चिनेलो म्हणाली. "आणखी एक ओळ आहे."

तो वळला. "तू मला एवढंच शिकवलंस."

"ही मी तुला सांगितली नव्हती."

ती एक पाऊल पुढे आली आणि इग्बोत ती ओळ म्हणाली. म्हातारी मंडळी तिच्याकडे वळून बघायला लागली. मग एक आजोबा घशातून लांब हुंकार दिल्यासारखं काहीतरी बोलले. अडा भाषांतर करायचं विसरली. मी तिच्या हाताला स्पर्श केला तेव्हा ती भानावर आली आणि तिने सांगितलं. ओळ अशी होती:

"आणि माझ्या सुनेचा जो देव आहे, त्याला या घरात तिच्याशिवाय कुणी नाही. त्यालाही त्याचा वाटा मिळो. तो उपाशी राहू नये."

चिनेलो इंग्रजीत बोलायला लागली, बहुधा पास्टरला कळावं म्हणून. सासरे रोज सगळ्यात शेवटी हे म्हणायचे आणि कोलाचा एक तुकडा बाजूला काढून ठेवायचे. तिला तेव्हा भयंकर राग यायचा. आपल्या देवाला हे यांच्या देवांच्या पंगतीला बसवतात, हा अपमान आहे, असं तिला वाटायचं. मिशनमधल्या लोकांनीही तेच सांगितलं. तो तुकडा तिने कधी उचलला नाही. "आत्ता ती कादंबरी वाचताना मला कळलं," ती म्हणाली, "की ते माझ्या देवाला नाही, मला जागा करून देत होते."

ओबिन्ना तिच्याकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरले होते आणि ते त्याने लपवले नाहीत. मग त्याने ताटातली आणखी एक कोला उचलली, फोडली, एक तुकडा बाजूला काढला आणि तो हातात धरून तसाच उभा राहिला. तो कुणाला द्यायचा हे त्यालाही ठरवता येत नव्हतं.

पास्टरने हातातलं भांडं गाडीच्या बॉनेटवर ठेवलं. हातमोजे काढले. सगळ्यांच्या मधून वाट काढत तो पुढे आला आणि त्याने उजवा हात पसरला.

"इतकी वर्षं आमंत्रण होतं आणि आमच्याकडून कुणी आलंच नाही," तो म्हणाला. "द्या. मी घेतो."

त्याने तो तुकडा तोंडात टाकला आणि कडू चवीने त्याचा चेहरा असा काही झाला की ड्राइव्हवेवर हशा पिकला. गायकवृंदातल्या बायकांनी तिथल्या तिथे गाणं धरलं आणि सगळी वरात नाचत घरात शिरली.

आत लाल भाताची पातेली, मासे, तळलेली केळी, डोनाच्या कुकीज. अडाने मला विचारलं, आंटी, तुमच्याकडे बारशाला काय करतात? मी सांगितलं, पाळणा म्हणतात. मग म्हणावा लागला. साळवेकाकांनी टेबलावर ठेका धरला, आमच्या ह्यांनी ज्या ओळी मला आठवल्या नाहीत तिथे नुसताच जोरात आलाप घेतला, आणि नायजेरियन आज्यांनी दर कडव्याला टाळ्या वाजवल्या. बाळ टक्क जागं राहून सगळ्यांकडे बघत होतं.

शेवटी पास्टरने बाळाला हातात घेतलं आणि नाव पुकारलं. नाव ओबिन्नाने निवडलेलं होतं, आणि चिनेलोने त्याला आधी हरकत घेऊन मग मागे घेतली होती: न्नामदी. अर्थ, माझा पिता जिवंत आहे. आजोबा-पणजोबा गेल्यानंतर जन्मलेल्या मुलाला हे नाव देतात, कारण म्हातारं माणूसच परत आलं असं मानतात. पास्टर मोठ्याने म्हणाला, "माझा पिता जिवंत आहे." कोण कुठल्या पित्याबद्दल बोलतंय हे कुणी विचारलं नाही. सगळ्या घराने एका आवाजात आमेन म्हटलं, आणि त्यातला सगळ्यात मोठा आवाज ओबिन्नाचा होता.